पुराच्या पट्ट्यातील धान उत्पादक पीक विमा का उतरवत नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण वैनगंगेच्या काठावरील गावांतील धान उत्पादकांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक आहात. दर दोन-तीन वर्षांनी पुराचे पाणी बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, शिरते. पीक विम्याचा हप्ता शेतकऱ्याला विमा रकमेच्या फार तर २ टक्के पडतो, आणि तरीही आपल्या सभासदांपैकी फार थोडे जण विमा उतरवतात. हे जागृतीच्या अभावामुळे होते का, आणि कंपनीने सर्व सभासदांना विमा सक्तीचा करावा का, असे आपण विचारले आहे. पीक कापणी प्रयोगांची (निवडक शेतांतील ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजण्याच्या कामाची) पाहणी आणि विम्याच्या तक्रारींची छाननी या दोन कामांत, आधी कोकणात आणि पुढे पूर्व विदर्भात, माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर देतो.

जागृतीचा अभाव हे कारण मला पटत नाही. ज्याच्या बांधीत पाच दिवस पाणी साचून राहिलेले आहे, त्याला जोखीम म्हणजे काय हे भित्तिपत्रक लावून सांगावे लागत नाही. असा शेतकरी विमा नाकारतो तेव्हा त्याने बहुधा स्वतःपुरता एक हिशेब केलेला असतो: माझे पीक पूर्ण गेले त्या वर्षी मला काही मिळाले नाही, आणि पीक बरे होते अशा एका वर्षी मात्र खात्यात थोडे पैसे आले. हा हिशेब काही ठिकाणी चुकतो, पण नदीकाठच्या गावांत तो बरेचदा बरोबर असतो. म्हणून खरा प्रश्न असा मांडावा लागेल की, आपल्या गावात धानाचे जे नुकसान होते ते विम्याच्या मोजमापात दिसते का. ते दिसत असेल तर सहभाग वाढवता येतो. दिसत नसेल तर कितीही मेळावे घेतले तरी लोक एकदा विमा उतरवतील आणि पुढच्या वर्षी येणार नाहीत.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे, तेही आधीच सांगतो. आपले गाव महसूल मंडळात (काही गावांच्या महसुली गटात) नेमके कुठे आहे, मंडळातील किती क्षेत्र पुराखाली येते, पूर रोवणीनंतर लगेच येतो की धान गर्भावस्थेत असताना, आणि त्या हंगामाच्या शासन निर्णयात कोणत्या जोखमी समाविष्ट आहेत, या चार गोष्टींनुसार शेजारच्या दोन गावांसाठीही सल्ला वेगळा होऊ शकतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिचा पाया क्षेत्र दृष्टिकोनाचा आहे, म्हणजे आपल्या शेतातील उत्पादन न मोजता अधिसूचित क्षेत्राचे, आपल्याकडे बहुधा महसूल मंडळाचे, सरासरी उत्पादन मोजले जाते. हा विचार नवा नाही. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकातच त्याचा आग्रह धरला होता, आणि त्यामागचे तर्कशास्त्र आजही बिनतोड आहे. लाखो लहान तुकड्यांवर जाऊन प्रत्येकाचे नुकसान मोजणे परवडत नाही, आणि ज्याला भरपाई मिळणार आहे त्याच्याच शेतावर मोजमाप केले तर पीक वाचवण्याची त्याची इच्छा कमी होण्याचा धोका राहतो. दुष्काळ मोठ्या प्रदेशावर सारखा पसरतो, त्यामुळे दुष्काळी भागात ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पूर मात्र जमिनीच्या उताराने जातो. तो नदीलगतच्या खोलगट बांध्या बुडवतो आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या उंच बांध्यांना उलट चांगले पाणी मिळवून देतो.

आकड्यांत पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. मंडळाची सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते, ते उंबरठा उत्पादन. ते काढताना मागील सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीम स्तराने, म्हणजे ७०, ८० किंवा ९० टक्क्यांनी, गुणतात. समजा आपल्या मंडळातील सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन २८, ३०, १४, २७, १२, २९ आणि २६ क्विंटल आहे. चांगल्या पाच वर्षांची सरासरी २८ येते, आणि जोखीम स्तर ७० टक्के असेल तर उंबरठा १९.६ क्विंटल ठरतो. यंदाचे मंडळाचे सरासरी उत्पादन १५ क्विंटल आले, तर तूट ४.६ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या सुमारे २३.५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर भरपाई सुमारे ११,७०० रुपये होते. इथपर्यंत सर्व ठीक आहे.

आता याच मंडळात सारख्या क्षेत्राची २० गावे आहेत असे धरा. त्यांपैकी नदीकाठच्या ५ गावांतील धान पूर्णपणे वाहून गेले आणि उरलेल्या १५ गावांत नेहमीचे २८ क्विंटल पिकले. मंडळाची सरासरी २१ क्विंटल येते. ती १९.६ च्या वर आहे, म्हणून भरपाई शून्य. मंडळाचा चौथा हिस्सा उजाड झाला तरी कागदावर नुकसान झालेलेच नाही, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही, गणितच तसे आहे. जोखीम स्तर ९० टक्के असता तर उंबरठा २५.२ झाला असता आणि त्याच २१ क्विंटलवर हेक्टरी सुमारे ८,३०० रुपये मिळाले असते, अर्थात तेवढेच पैसे उंचावरच्या १५ गावांतील विमाधारकांनाही मिळाले असते. आपले सभासद जे सांगतात, की बुडालेल्याला काही नाही आणि पिकलेल्याला पैसे, ते याच दोन उदाहरणांतून येते.

वारंवार आपत्ती येणाऱ्या भागात आणखी एक गोष्ट घडते, जी बाहेरून दिसत नाही. सातपैकी दोन वर्षे वाईट असतील तर ती गणनेतून गळतात. वाईट वर्षे तीन झाली की त्यांतील एक चांगल्या पाचांत शिरते. वरच्याच मंडळात उत्पादन २८, १४, ३०, १२, २७, १३ आणि २६ असे असते, तर चांगल्या पाचांची सरासरी २५ आणि उंबरठा १७.५ झाला असता. यंदाच्या त्याच १५ क्विंटलवर भरपाई ११,७०० ऐवजी सुमारे ७,१०० रुपये आली असती. म्हणजे ज्या मंडळावर अधिक वेळा संकट आले, त्याला त्याच संकटाची भरपाई कमी. विमा कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे तर्कसंगत आहे, कारण त्या मंडळात अपेक्षित उत्पादनच कमी आहे. पण शेतकऱ्याचा खर्च कमी झालेला नसतो. रोवणीची मजुरी, खत आणि नांगरणी यांचे दर उंबरठ्याबरोबर खाली येत नाहीत.

धान हे पाण्यात उभे राहणारे पीक असल्याने विम्याच्या दृष्टीने ते इतर पिकांहून अवघड आहे. पुराचे नुकसान कोणत्या अवस्थेत झाले यावर सर्व काही ठरते. पऱ्हे (धानाची रोपे) वाहून गेले तर शेतकरी दुसरीकडून पऱ्हे आणतो, दुबार रोवणी करतो आणि हंगाम साधलाच तर नोव्हेंबरमध्ये २२-२४ क्विंटल उत्पादन काढतो. त्याचा खर्च जवळजवळ दुप्पट झालेला असतो, परंतु विमा उत्पादन मोजतो, खर्च मोजत नाही, म्हणून हे नुकसान विम्याला दिसत नाही. फुटव्याच्या अवस्थेत आठवडाभर पाणी राहिले तर काही वाण तगतात, बाकीचे सडतात. गर्भावस्थेत किंवा फुलोऱ्यात पूर आला तर दाणाच भरत नाही, आणि हे नुकसान मात्र कापणी प्रयोगात उतरते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातील पाऊस आणि धरणांतील विसर्ग यांमुळे वैनगंगेला आलेला मोठा पूर आपल्याला आठवत असेलच. तेव्हा पुढे रोवणी करण्यासाठी हंगामच उरला नव्हता.

शेवटची अवस्था कापणीनंतरची. हलके, म्हणजे लवकर येणारे, धान ऑक्टोबरमध्ये कापून त्याच्या कडपा (कापलेल्या धानाच्या ओळी) शेतात वाळत ठेवतात आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. कोकणात ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या काळात कापलेले भात खाचरांतच कोंब फुटून गेले, हे मी जवळून पाहिले. अशा वेळी कापणी प्रयोग आधीच झालेला असतो, प्रयोगातले धान्य कोरडे आणि वजनदार असते, आणि शेतकऱ्याच्या घरात येणारे धान्य काळे पडलेले असते. केंद्राच्या योजनेत यासाठी काढणीपश्चात नुकसानीची तरतूद आहे. कापून पसरलेल्या पिकाला काढणीनंतर १४ दिवसांपर्यंत वादळ, अवकाळी पाऊस किंवा गारपीट यांपासून संरक्षण मिळते आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. परंतु महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून योजना बदलताना ही तरतूद, तसेच स्थानिक आपत्ती (ठरावीक शेतांपुरते, शेतावर जाऊन मोजले जाणारे नुकसान), हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि पेरणी न होणे या जोखमी वगळल्या आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित उत्पादनाशी जोडली. त्यामुळे पुराच्या पट्ट्यातील धान उत्पादकासाठी या विम्याचा उपयोग आणखी आकसला, हे स्पष्ट म्हणायला हवे.

पुराच्या वैयक्तिक पंचनाम्याची वाट तर धानासाठी त्याआधीच बंद झाली होती. स्थानिक आपत्तीत शेत जलमय होणे ही जोखीम सुरुवातीला होती, पण २०१८ च्या सुधारणेत धान, ताग आणि ऊस यांसारख्या पाणी सोसणाऱ्या पिकांसाठी ती काढून टाकण्यात आली. कारण असे दिले गेले की, ज्या पिकाच्या शेतात मुद्दाम पाणी साठवतात त्याचे पुरामुळे किती नुकसान झाले हे ठरवणे कठीण असते. अडचण खरी आहे. तपासणीला गेलेल्या माणसाला गुडघाभर पाण्यात हिरवे शेंडे दिसतात, आणि ते पीक चार दिवसांनी सडेल की सावरेल हे त्या क्षणी कोणीच सांगू शकत नाही. तरीही ही जोखीम सरसकट वगळणे हा सोपा आणि अन्यायकारक उपाय होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, खरीप २०२६ पासून धान जलमय होण्याचे नुकसान पुन्हा स्थानिक आपत्तीत धरले जाईल आणि वन्य प्राण्यांच्या उपद्रवालाही संरक्षण मिळेल. मात्र अशा जादा जोखमी लागू होण्यासाठी राज्याने त्या आपल्या अधिसूचनेत घ्याव्या लागतात. म्हणून वर्तमानपत्रातील बातमीवर न थांबता आपल्या जिल्ह्याच्या त्या हंगामाच्या शासन निर्णयात हे कलम शब्दशः आहे का, ते आधी वाचा. माझ्या मते आपल्या सभासदांचा सहभाग या एका कलमावर इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त अवलंबून राहील.

मोजमापाचा भाग इथे संपवतो. आता विमा उपयोगी असतानाही शेतकरी का मागे राहतो याची कारणे.

पहिले कारण वेळेचे. खरिपासाठी विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैपर्यंत असते आणि पूर्व विदर्भात जुलै म्हणजे रोवणीचा महिना. ज्याच्याकडे अर्धा एकर धान आहे त्याची विमा रक्कम सुमारे १०,००० आणि हप्ता फार तर २०० रुपये. तेवढ्यासाठी त्याने रोवणीचे मजूर सोडून सुविधा केंद्रावर जायचे, सर्व्हर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. त्यात बुडणारी दिवसाची मजुरी हप्त्यापेक्षा महाग पडते. हप्त्यावर कितीही अनुदान दिले तरी हा खर्च कमी होत नाही, आणि धोरण ठरवणारे नेमके तेच विसरतात.

दुसरे कारण कागदांचे. सातबारावर चार भावांची, बहिणींची, मयत वडिलांची नावे आहेत, सामाईक खातेदारांचे संमतीपत्र हवे, आणि त्यांतील एक जण नागपूरला तर एक सुरतेला. ठेक्याने (भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याच्या जमिनीत धान करणाऱ्याला योजनेत जागा आहे, पण महाराष्ट्रात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि एका हंगामासाठी तोंडी दिलेल्या जमिनीचा नोंदणीकृत करार करून द्यायला मालक सहसा तयार होत नाही. यातून विचित्र स्थिती तयार होते: पुराच्या पट्ट्यातील सखल जमीन बहुधा ठेक्यानेच दिली जाते, म्हणजे जोखीम ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच विमा उतरवता येत नाही. अलीकडे शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी (शेतातील पिकाची मोबाइलवरून करायची नोंद) यांची भर पडली आहे. बोगस अर्ज रोखण्यासाठी ती आवश्यक होती, याबद्दल मला शंका नाही. पण ई-पीक पाहणीत धानाची नोंद राहून गेली तर खऱ्या शेतकऱ्याचाही दावा अडतो.

तिसरे कारण रोख पैशांचे, आणि त्यावर उपाय आपल्या हातात आहे. हप्ता नेमका त्या दिवसांत भरायचा असतो जेव्हा घरातले सर्व पैसे चिखलात गेलेले असतात. केनियात उसाच्या कंत्राटी शेतीत एक प्रयोग झाला होता. हप्ता आधी मागितला तेव्हा ५ टक्के शेतकऱ्यांनी विमा घेतला. तोच हप्ता कापणीनंतर ऊस खरेदीच्या रकमेतून वजा करण्याची सोय दिली तेव्हा ७२ टक्क्यांनी घेतला. आपली कंपनी सभासदांचे धान विकते किंवा खरेदी केंद्राशी जोडलेली आहे. जुलैमध्ये हप्ता कंपनीने भरावा आणि धान विक्रीच्या वेळी तो वळता करून घ्यावा. पुरामुळे ज्याचे धान विक्रीला आलेच नाही त्याचा हप्ता त्या वर्षी माफ करण्याची तयारी संचालक मंडळाने ठेवावी. रक्कम लहान असते, आणि तिच्यामुळे विश्वास टिकतो.

हप्ता कमी केला की सहभाग वाढतो, हे महाराष्ट्राने एक रुपयात पीक विमा देऊन पाहिले. खरीप २०२३ मध्ये अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. परंतु अर्ज भरणे आणि विम्यात सहभागी होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या काळात ज्यांच्या तक्रारी मी पाहिल्या त्यांपैकी अनेकांना आपल्या जमिनीच्या कोणत्या गट क्रमांकाचा, किती क्षेत्राचा विमा आहे, हे सांगता येत नव्हते, अर्ज केंद्रचालकाने भरलेला असे. चीनच्या जियांगशी प्रांतात भात उत्पादकांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष इथे तंतोतंत लागू पडतो. फुकट किंवा जवळजवळ फुकट विमा मिळालेले शेतकरी भरपाई कोणाला, कशासाठी मिळाली याकडे कमी लक्ष देतात, त्यामुळे पुढे हप्ता आकारला की त्यांच्याकडे विमा चालू ठेवण्याचे कारण उरत नाही. २०२५ मध्ये एक रुपयाची सवलत बंद झाल्यावर आपल्याकडे अर्ज घटले, यात मला आश्चर्य वाटले नाही. त्याच जियांगशीतील दुसरे निरीक्षण आपल्या उपयोगाचे आहे: ज्याच्या ओळखीच्या माणसांनी विमा नीट समजून घेतला होता तो विमा घेण्याची शक्यता वाढली, आणि ती वाढली ते ज्ञान पोहोचल्यामुळे, केवळ मित्राने विमा घेतला म्हणून नव्हे.

सरकारी मदतीचाही यात वाटा आहे, पण तो लोक समजतात तितका मोठा नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीसाठी १७,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत दिले जातात, आणि राज्य सरकार प्रसंगी त्यात वाढ करते. पंचनामा आपल्या शेतावर होतो, म्हणून पूरग्रस्ताला ही मदत विम्यापेक्षा जवळची वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण मदत मिळाली म्हणजे विम्याची भरपाई मिळत नाही, हा गैरसमज मात्र दूर करा. दोन्ही स्वतंत्र आहेत. जाता जाता सांगतो, बिहारने २०१८ मध्ये केंद्राची विमा योजना सोडून हप्ता न घेता ठरावीक सहाय्य देणारी स्वतःची योजना आणली, आणि पश्चिम बंगालने २०१९ मध्ये बाहेर पडून धानाचा सर्व हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली. दोन्ही राज्ये भाताची आणि पुराची आहेत, हा योगायोग नसावा.

आता कंपनीने काय करावे. सक्ती करू नका. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांसाठीही विमा ऐच्छिक झाला, त्यामागे सक्तीच्या वजावटीबद्दलचा वर्षानुवर्षांचा राग होता. आधी मात्र एक तपासणी करा: आपले जे सभासद सेवा सहकारी संस्थेतून पीक कर्ज घेतात त्यांची पासबुके पाहा. कर्जदाराने मुदतीच्या सात दिवस आधी नकार लिहून दिला नाही तर बँक हप्ता कापते, आणि हे अनेकांना ठाऊकच नसते. आपण समजता त्यापेक्षा अधिक सभासद कदाचित विमाधारक असतील, आणि दाव्याच्या वेळी ते गप्प बसत असतील.

त्यानंतर तालुका कृषी कार्यालयाकडून आपल्या मंडळाचे उंबरठा उत्पादन, जोखीम स्तर, विमा संरक्षित रक्कम आणि मागील वर्षांचे उत्पादन मागून घ्या. आकडे धानाचे आहेत की तांदळाचे हे विचारायला विसरू नका, नाहीतर तुलनाच चुकते. हे आकडे हातात आले की वर केलेला हिशेब आपल्या गावासाठी करता येईल: मंडळाचे किती क्षेत्र पुराखाली गेले म्हणजे भरपाई सुरू होते? हे क्षेत्र निम्म्याच्या पुढे जात असेल आणि आपल्या पुरात तेवढे कधीच बुडत नसेल, तर सभासदांना खरे तेच सांगा.

माझा सर्वांत जास्त भर मात्र कापणी प्रयोगांवर राहील, कारण महाराष्ट्रात आता मुख्य आधार तोच आहे. महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असेल तर मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग व्हावे लागतात. गट क्रमांक यादृच्छिक निवडले जातात, शेतात कोपरा ठरवून दोरी लावतात, आतले धान कापून, मळून, वजन करतात. दोरीवर आलेला चूड (धानाचा बुंधा) आत धरायचा की बाहेर, दाणे ओले आहेत का, ताडपत्री होती का, अशा बारीक गोष्टींवर वजनात फरक पडतो. पण खरा घोळ त्याआधी होतो. निवडलेल्या गटातील धान पुराने नष्ट झाले असेल तर नियमाप्रमाणे तिथे शून्य उत्पादन नोंदवायचे असते. प्रत्यक्षात कर्मचारी तिथे पोहोचतो, कापायला काही दिसत नाही, आणि तो शेजारच्या उभ्या पिकाच्या गटात प्रयोग उरकतो. दहापैकी दोन शून्ये अशी बदलली की सरासरी पाचव्या हिश्शापेक्षा अधिक फुगू शकते. वर पाहिलेला भरपाईचा उंबरठा तेवढ्यावरच ओलांडला जाऊ शकतो. म्हणून निवडलेल्या गटांची यादी वेळेवर मिळवा, पूर ओसरला की त्या गटांची तारखेसह छायाचित्रे घ्या, प्रयोगाच्या दिवशी कंपनीचा एक माणूस हजर ठेवा आणि नोंदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आकडा वाचा. गटमालकाला प्रयोगापूर्वी कापणी करू नका असेही सांगून ठेवा. खरीप २०२३ पासून धानाच्या उत्पादन अंदाजात उपग्रहावर आधारित तंत्राला किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण आले आहे. त्याने मानवी फेरफार कमी होईल, पण पाण्याखाली राहून नंतर पोचट लोंब्या आलेले हिरवे शेत उपग्रहाला कसे दिसते, हा प्रश्न उरतोच, त्यामुळे जमिनीवरचा पुरावा सोडू नका.

ज्यांच्या बांध्या अगदी पूररेषेत आहेत त्यांच्यासाठी विम्याबाहेरचा उपायही लागेल. स्वर्णा-सब १ हा वाण फुटव्याच्या अवस्थेत सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. तो भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाच्या कालावधीचा आहे आणि फुलोऱ्यातील पुराला त्याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवून सखल बांध्यांपुरता वापरावा. उंचावर कंपनीची एक राखीव रोपवाटिका ठेवली तर दुबार रोवणीचे पऱ्हे वेळेवर मिळतात, आणि विम्याला न दिसणारे ते नुकसान कमी होते. विक्रीच्या वेळी क्विंटलमागे थोडी रक्कम बाजूला काढून पूरग्रस्त सभासदांसाठी मदत निधी उभारता येईल. फक्त त्याला विमा म्हणू नका आणि ठरावीक भरपाईचे लेखी वचन देऊ नका, कारण विम्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.

एखाद्या सभासदाने उद्या थेट विचारले की यंदा विमा उतरवू का, तर मी असे सांगेन. शेत उंचावर आहे आणि भीती मुख्यतः कोरड्या पडणाऱ्या ऑगस्टची किंवा तुडतुड्याच्या मोठ्या प्रादुर्भावाची आहे, तर जरूर उतरवा, कारण ही संकटे मंडळभर पसरतात आणि मोजमापात येतात. शेत नदीला लागून आहे आणि शासन निर्णयात धान जलमय होण्याचे कलम आलेले आहे, तरीही उतरवा, पण ७२ तासांची सूचना, भ्रमणध्वनीवरील पीक विमा ॲप आणि १४४४७ हा मदत क्रमांक घरातल्या एका तरुणाला पूर येण्यापूर्वीच शिकवून ठेवा. कलम नसेल आणि मंडळाचा लहानसाच पट्टा बुडत असेल, तर अर्ध्या एकराचा हप्ता फार तर २०० रुपयांचा आहे, मंडळभराच्या दुष्काळासाठी तो द्यायला हरकत नाही, मात्र पुरासाठी या विम्यावर विसंबून राहू नका आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात आपला गट आला आहे का, ते त्याच आठवड्यात जाऊन पाहा.